कधी वापरायचं न्हाई

मन्मथअप्पांना काहीही विचारा, ते आधी चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि म्हणायचे, कशासाठी पाहिजे? एकदा मी सहज विचारलं, आप्पा, किती वाजले? तर म्हणाले, लातूरची गाडी धरायची हाय का चहा टाकायचा हाय? गाडी धरायची असेल तर मिनिटं सांगावी लागतात, चहा टाकायचा असेल तर साडेचार होत आले एवढं पुरतं, असं त्यांचं म्हणणं. मला हसू आलं. म्हातारा जरा चक्रम आहे असंच वाटलं मला तेव्हा, खोटं कशाला बोलू.

आप्पा रेणापूरला तहसीलसमोर लिंबाखाली पत्र्याचं टेबल मांडून बसायचे. अर्जनवीस. लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तोंडात कायम एक लवंग. तहसील उघडायच्या आधी, सकाळी, घरच्या ओट्यावर बसून ते पत्रिका बघायचे. ही दोन कामं वेगळी आहेत असं त्यांना कधी वाटलंच नाही. दोन्हीकडं माणूस अडचण घेऊन येतो आणि दोन्हीकडं त्याला नेमकं काय पाहिजे ते त्याचं त्यालाच माहीत नसतं, असं म्हणायचे.

माझी त्यांची ओळख वडिलांमुळं. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव चुकीचं पडलं होतं. वडील शाळामास्तर. त्यांनी स्वतःच दोन पानं भरून अर्ज लिहिला, त्यात आजोबांपासूनची सगळी भावकी आली, कोण कसं वागलं तेही आलं. आप्पांनी ती पानं शांतपणे वाचली, घडी करून वडिलांच्या खिशात परत ठेवली आणि कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. काय चुकलं, बरोबर काय पाहिजे, पुरावा कोणता जोडलाय, कुणी दुरुस्त करायचं. "साहेबाला तुमची भावकी नको मास्तर," म्हणाले, "साहेबाला त्यानं काय करायचं ते सांगा." दुरुस्ती होऊन आली. वडील पुढं कित्येक दिवस ते बोलणं सगळ्यांना सांगत सुटले होते.

म्हणून लातूरच्या आमच्या ऑफिसात ज्योतिषाचं काम आलं तेव्हा मला पहिल्यांदा आप्पाच आठवले.

आमचं ऑफिस म्हणजे औसा रोडला टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. आम्ही एक सेवा बनवली होती: जन्मतारीख, वेळ, गाव द्या, ती कुंडली काढून देते, गुण जुळवते, मंगळ बघते, मुहूर्त काढते. दुसऱ्या कंपन्यांची ॲपं ही सेवा वापरायची. आधी लोक बटणं दाबून ती वापरत. मग एआयचे एजंट आले. आता माणूस ॲपमध्ये आपल्या भाषेत विचारतो, पोरीची पत्रिका जुळते का बघा, आणि आमच्या अकरा टूलांपैकी, म्हणजे सेवेतल्या एकेक काम करणाऱ्या भागांपैकी, कुठलं वापरायचं हे एजंट ठरवतो. कशावरून ठरवतो? तर प्रत्येक टूलाखाली आम्ही जे दोन-चार ओळींचं वर्णन लिहिलेलं असतं, त्यावरून. दुसरं काही त्याला दिसत नाही. वर्णन लिहायचं काम माझ्याकडं होतं आणि एजंट भलतंच करत होता. गुण विचारले की मुहूर्त सांगायचा.

आमचे सर म्हणाले, कुणीतरी जाणता माणूस आणा. मी आप्पांना आणलं.

जिना चढून आले, लवंग चघळत खुर्चीत बसले. मी त्यांना एजंट म्हणजे काय ते समजावायला लागले. अर्धा तास बोलले असेन. ते मधेच म्हणाले, "म्हंजी गावात नवा आलेला तलाठी म्हण की. त्याला गावातलं काही ठावं न्हाई, पर माहीत न्हाई म्हणायची लाज वाटती. म्हणून अंदाजानं सही ठोकून देतंय." चार महिने मी हे काम करत होते आणि मला हे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं.

मग त्यांनी आमची वर्णनं वाचायला मागितली. मी मराठीत करून छापून दिली. पहिल्या टूलाचं वर्णन होतं, ‘कुंडली देते.’ आप्पांनी चष्मा पुसला. कुणाला देते, म्हणाले. कशावरून देते? दिल्यावर त्यात काय असतं? पुढं गुणमेलन नावाचं एक टूल आणि जुळवणी नावाचं दुसरं. हे जुळे हायेत का, म्हणाले. एक फक्त छत्तीस गुण मोजायचं आणि दुसरं मंगळसुद्धा बघायचं, हे आम्हाला माहीत होतं, वर्णनात कुठंच नव्हतं. तलाठ्याला कसं कळणार?

तीन आठवडे ते रोज सकाळच्या गाडीनं लातूरला यायचे. रेघांच्या कागदावर शाईच्या पेनानं लिहायचे. प्रत्येक टूलाला एक कागद, प्रत्येक कागदावर चार मथळे: कशासाठी आहे, कधी वापरायचं, काय काय लागतं, आणि चौथा, कधी वापरायचं न्हाई. चौथा मथळा ते लाल शाईनं लिहायचे. सगळ्यात जास्त वेळ त्यांना तोच लागायचा. मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाले, काय करायचं ते कुणी बी सांगंल माय, कुठं थांबायचं ते सांगावं लागतंय.

हे त्यांनी आमच्यासाठी नवं काढलेलं नव्हतं. एका रविवारी मी कागद आणायला रेणापूरला गेले होते, तेव्हा ओट्यावर देवणीकडचा एक शेतकरी बसला होता. त्याचा बैल चोरीला गेला होता. चांगला देवणी बैल, काळे-पांढरे ठिपके, सगळ्या शिवारात ओळखीचा. बैल कुठल्या दिशेला गेला ते पत्रिकेवरून सांगा, म्हणत होता. आप्पांनी विचारलं, पत्रिका तुझी बघू का बैलाची? तो बिचारा विचारात पडला. मग त्यांनी पंचांग मिटवलं, कागद ओढला आणि त्याच्या नावानं पोलीस ठाण्याला तक्रार लिहून दिली. शिंगांचा आकार, ठिपक्यांच्या जागा, कुठल्या बाजारात विकला जाऊ शकतो, सगळं. ह्याला पत्रिका न्हाई लागत, अर्ज लागतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमच्या एका कागदावर लाल शाईत ओळ आली: आजारपण, चोरी, हरवलेलं माणूस किंवा जनावर, कोर्टाचा निकाल, ह्याला हे वापरायचं न्हाई, डॉक्टर किंवा पोलिसाकडं जा म्हणायचं.

जन्मवेळेच्या बाबतीत मात्र ते फार कडक होते. नवरा-बायको पत्रिका घेऊन आले की नवऱ्याला म्हणायचे, तुम्ही जरा चहा पिऊन या. आणि बाईला विचारायचे. बापाला दवाखान्यातून निरोप आला ती वेळ आठवते, म्हणायचे, बाळ झालं ती वेळ आईलाच ठाऊक. एका बाईनं सांगितलं, मंगळवारी रात्री तीनला झालं. आप्पांनी विचारलं, मंगळवार उजाडायच्या आधीचे तीन का मंगळवार मावळल्यानंतरचे? बाईनं बोटं मोजली आणि म्हणाली, नंतरचे. म्हणजे तारखेनं बुधवार. आपल्याकडं वार उजाडल्यावर बदलतो आणि कॅलेंडरात रात्री बाराला, त्यामुळं रात्री जन्मलेल्या निम्म्या पोरांच्या पत्रिका एक दिवस चुकलेल्या असतात असं ते म्हणायचे. तेही आमच्या कागदात आलं आणि आमच्या चाचणीतल्या कितीतरी चुका त्या एका ओळीनं गेल्या. सर खूश झाले.

आणि एक दिवस चाचणीत आम्ही वेळ दिलीच नाही. नुसती तारीख आणि गाव. एजंटनं काही न विचारता दुपारचे बारा धरले आणि छान भलीमोठी कुंडली काढून दिली. आप्पा खुर्चीतून उठले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "बारा कोण म्हणलं त्याला? त्याच्या आईनं सांगितलं का?" पत्रिकेतली घरं जन्मवेळेवर ठरतात, दोन तासांत एक घर सरकतं, त्यांनी मला पुन्हा समजावलं. घर सरकलं की नसलेला मंगळ येऊन बसतो. त्या दिवशी जुळवणीच्या कागदावर त्यांनी लाल शाईत लिहिलं: ‘वेळ ठावी नसेल तर हे वापरायचं न्हाई. बारा धरू नका. घरी आईला विचारून या म्हणा.’ खाली दोन रेघा ओढल्या.

ती ओळ मी काढली.

आता ते कसं झालं ते सांगते, आणि सांगताना मला माझीच लाज वाटते. आप्पांचं काम संपल्यावर मी सगळं नीट इंग्रजीत उतरवून सेवेत चढवलं. दोन महिने उत्तम चाललं. मग एका मोठ्या गिऱ्हाइकानं तक्रार केली की तुमची वर्णनं लांबलचक आहेत, एजंट प्रत्येक वेळी सगळं वाचत बसतो, उत्तराला उशीर होतो. सर म्हणाले, प्रत्येक टूलाला दोन ओळी, संध्याकाळपर्यंत. कुठल्या दोन ओळी ठेवायच्या हे सरांनी सांगितलं नव्हतं. ते माझ्यावर होतं. मी पहिले तीन मथळे दाबून-दाबून दोन ओळींत बसवले आणि चौथा उडवला. अकराच्या अकरा. मला तो मथळा वाचायला जरा रागावल्यासारखा वाटायचा, इंग्रजीत तर फारच. आप्पांना एक फोन करावा असं मनात आलं होतं. ते वाद घालतील आणि संध्याकाळ टळेल, म्हणून नाही केला.

आप्पांची नात गिरिजा. थोरल्या मुलाची मुलगी, आप्पांच्या मांडीवर वाढलेली. लातूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिची सोयरीक नायगावला ठरली होती, मुलगा शिक्षक, सुपारी फुटली होती, साड्यांची खरेदी सुरू होती. पत्रिका आप्पांनी स्वतः जुळवली होती. एक दिवस नायगावहून निरोप आला की मुलीला कडक मंगळ आहे, आम्हाला जमणार नाही. मुलाच्या आत्याच्या मोबाईलमध्ये एक ॲप होतं. आत्याला गिरिजाची तारीख माहीत होती, वेळ माहीत नव्हती. तिनं तारीख आणि गाव बोलून विचारलं आणि ॲपनं मंगळ दाखवला. आप्पांनी त्यांना फोन करून सांगितलं, पोरगी सकाळी सहाला झाली, मी दाराबाहेर उभा होतो, मंगळ न्हाई. तर ते म्हणाले, घरचा माणूस घरच्या पोरीचं चांगलंच सांगणार.

ते ॲप आमची सेवा वापरायचं.

आप्पांनी मला फोन केला. आवाज नेहमीसारखाच. म्हणाले, माय, ते ॲप आपल्याच सेवेवर चालतंय म्हणतेत. मी ते बाराचं लिहिलं होतं ना गं? मी म्हटलं, बघून सांगते. बघायची गरज नव्हती. तरी बघितलं. एजंटनं काय मागितलं त्याची नोंद राहते, तिच्यात रेणापूर होतं, तारीख होती आणि वेळेच्या जागी दुपारचे बारा होते. आप्पांचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता, तोही काढला. लाल ओळ, खाली दोन रेघा. ती ओळ मी लगेच परत टाकली, बाकीच्या दहा टूलांच्याही टाकल्या, कुणाला न विचारता. मग अर्धा तास फोन हातात धरून बसले.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? आप्पांनी नायगावला सांगितलं असतं, मी स्वतः जाऊन त्या आत्याला नोंद दाखवू शकले असते. कदाचित सोयरीक वाचली असती. पण बोभाटा झाला असता, सरांनी मला काढलं असतं, गिऱ्हाईक गेलं असतं. हे सगळं मी त्या अर्ध्या तासात विचार करून बघितलं. म्हणजे मी नकळत काही केलं असं म्हणायची सोय नाही.

मी फोन लावला आणि म्हणाले, "आप्पा, ती ओळ दिसत नाही इथं. लिहायची राहिली असेल."

आप्पा म्हणाले, "राहिली आसंल माय. वय झालं आता."

आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. चष्मा कुठं ठेवला ते अधूनमधून विसरायचे, एवढंच. पण त्या वयात माणसाला असं कुणी सांगितलं की त्याला पटतं. मला ते माहीत होतं आणि मी त्याचाच फायदा घेतला.

पुढच्या आठवड्यात लिंबाखालचं टेबल घरी गेलं. पत्रिकाही बंद. मला हे वडिलांकडून कळलं. ते कसल्याशा दाखल्यासाठी अर्ज लिहून घ्यायला गेले होते, आप्पांनी हात जोडले. एक ओळ राहिली तर एखाद्याचं घर मोडतंय मास्तर, आता माझ्या हाताचा भरवसा न्हाई, असं म्हणाले. वडील हळहळले. मी जेवत होते, जेवत राहिले. गिरिजाला त्यानंतर आणखी दोन ठिकाणं आली आणि दोन्ही मंगळाचं ऐकून परत गेली. एकदा बोभाटा झाला की पत्रिका कुणी उघडूनसुद्धा बघत नाही.

आठ महिने मी रेणापूरकडं फिरकले नाही. बसनं जाताना तहसील यायच्या आत मोबाईल काढून बसायची. अखेर गेले ते काही धाडस आलं म्हणून नव्हे. वडील एका संध्याकाळी म्हणाले, मन्मथअप्पा आता सहीसुद्धा दुसऱ्याला दाखवून करतात. त्यानंतर मला जेवण जाईना.

गेले तेव्हा आप्पा ओट्यावरच होते. समोर काही नाही. पंचांग नाही, कागद नाही. भस्म होतं. मला बघून खरंच आनंद झाला त्यांना. ये माय, म्हणाले, लई दिवसांनी. शेजारची एक बाई सुनेच्या ओटीभरणीचा दिवस विचारायला आली होती, तिला माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, हिला विचार, ही लई बारकाईनं लिहिती, हिच्या हातून काही सुटत न्हाई. ती बाई माझ्याकडं बघायला लागली. मी खाली बघत राहिले. बाई गेली.

मग मी सांगितलं. येताना बसमध्ये वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. आप्पा, तुम्ही ओळ लिहिली होती, मी म्हणाले. कागद माझ्याकडं आहे. ती मी काढली. तुमच्या हातून काही राहिलं नव्हतं.

आप्पांनी चेहरा दोन्ही हातांनी पुसला. गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसले. मला वाटलं ओरडतील, आणि ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"ती ओळ परत टाकली का?"

मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. निदान या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं चांगलं होतं. मी पटकन म्हणाले, "हो आप्पा, त्याच दिवशी टाकली. तुमचा फोन आला त्याच दिवशी."

"त्याच दिवशी," आप्पा म्हणाले.

आणि मग मला कळलं मी काय बोलून गेले ते. त्यांनाही कळलं. आठ महिने हा माणूस स्वतःची सहीसुद्धा दुसऱ्याला दाखवून करत होता आणि मला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. कंपनीचं टूल मी त्या दुपारीच दुरुस्त करून टाकलं होतं.

ते उठले. दाराच्या चौकटीला हात टेकवून आत हाक मारली, "गिरिजा, बाहेर ये." गिरिजा आली. तिच्या हाताला पीठ होतं, पोळ्या करत असावी. लॅबची नोकरी तिनं सोडल्याचं मला माहीत नव्हतं. ती माझ्याकडं बघून ओळखीचं हसली, चहा टाकू का म्हणाली.

"चहा नंतर. खाली बस," आप्पा तिला म्हणाले, आणि माझ्याकडं वळून, "मला सांगितलं ते हिला सांगा. पयल्यापासून."

इतक्या दिवसांत आप्पांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

गिरिजा पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून समोर बसली. मी बोलायला सुरुवात केली, तोवर आप्पा आत निघून गेले होते. पाठमोरे, भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत. मी जाईपर्यंत ते बाहेर आले नाहीत.